भट्टीचं पाणी

जुनी भट्टी काढली त्या दिवशी मी रजेवर असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण मी तिथंच होते. चौघांनी ती भिंतीवरून उतरवली, दोरांनी बांधली आणि जिन्यावरून खाली नेताना एकानं विचारलं, "ओपा, हिच्यात दारू गाळत होता काय तुम्ही?"

"पाणी गाळत होते," मी म्हटलं. "तुझ्या जन्माच्या आधीपासून. नीट धर, पायावर पडेल."

माझं नाव तुर्सुनोय; 'ओपा', म्हणजे ताई, सगळेच म्हणतात. ताश्कंदच्या एका रसायन संस्थेत एकोणचाळीस वर्षं मी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. चंबू धुणं, नळ्या वाळवणं, बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, आणि भट्टीत नळाच्या पाण्याची वाफ करून ते शुद्ध पाणी काचेच्या मोठाल्या बाटल्यांत भरून ठेवणं, हे माझं काम. मला वास येत नाही. पहिली वीस वर्षं आम्ही सगळं टोल्युइन, क्लोरोफॉर्म असल्या उग्र द्रावकांत करायचो. धोक्याचं काम म्हणून रोज अर्धा लिटर दूध मिळायचं. ते प्यायचं, डोकं दुखलं की खिडकीशी जाऊन उभं राहायचं आणि परत कामाला लागायचं. एक दिवस घरी तेल जळून स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि मला कळलंच नाही, तेव्हा समजलं की नाक गेलं.

आमच्या विभागाच्या प्रमुख इनोबतखोन. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण शिकलेल्या. आम्ही दोघी एकाच वर्षी इथं लागलो. त्यांची दोन बाळं पोटातच गेली. कशामुळे गेली ते कोणी सिद्ध केलं नाही आणि त्यांनीही कधी तो विषय काढला नाही. पण विभाग हातात आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर टोल्युइनचं कपाट रिकामं करायला लावलं. "यापुढे जे होईल ते पाण्यात होईल," म्हणाल्या. संस्थेतले पुरुष हसले. एकजण म्हणाला, "मग इथं सूपच करा की."

इसिरिक या रानझुडपाच्या बियांची धुरी आमच्याकडे घरोघर फिरते, लग्नात, आजाऱ्याच्या उशाशी. त्या बियांमध्ये एक रेणू असतो. त्याला दुसरा एक तुकडा जोडला तर कॅन्सरच्या पेशींवर काही परिणाम होतो का, हे इनोबतखोनना बघायचं होतं. असे तुकडे जोडायला जगभर धातूची पूड आणि घाणेरडी द्रावकं वापरतात. इनोबतखोनना तीन वर्षं काहीच जमलं नाही. मग एकदा जमलं. चंबूत शुद्ध पाणी, त्यात ताश्कंदच्या लिंबाचा दोन चमचे रस, त्या रेणूची आणि जोडायच्या तुकड्याची अशा दोन्ही पुडी, साठ अंशाची ऊब. चार तासांत दुधासारखा साका वर यायचा, तोच नवा पदार्थ. तो गाळायचा, भरपूर पाण्यानं धुवायचा, उन्हात वाळवायचा. धातू नाही, द्रावक नाही. मोरीत ओतायला उरायचं ते लिंबाचं पाणी.

जोडायचा तुकडा बदलत बदलत असे एकतीस पदार्थ झाले. त्यातला सतरा नंबरचा सगळ्यांत भारी. पेशींची तपासणी दुसऱ्या संस्थेतले कुद्रत अका करायचे; अका म्हणजे दादा. त्यांनी फोनवर सांगितलं, "इनोबतखोन, तुमच्या सतरानं माझ्या ताटलीत एक पेशी जिवंत ठेवली नाही. आणि दिला होता चिमटीच्याही चिमटीएवढा." निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. दूरचित्रवाणीवाले आले, त्यांनी लिंबाचं चित्रण केलं, माझ्या हातांचंही केलं. घरी जावई म्हणाला, "आई, तुमचे हात प्रसिद्ध झाले."

त्यानंतर फाटकाशी माणसं यायला लागली. जिझ्झाखकडचे हमदम अका तीनदा आले. कॅन्सर झालेल्या बायकोचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर दोन खरबुजं. निबंध त्यांनी मोबाईलवर भाषांतर करून सगळा वाचला होता.

"सतरा नंबर द्या," ते म्हणायचे. "थोडासाच द्या. माझ्या जबाबदारीवर."

"अका, ते औषध नाही," इनोबतखोन सांगायच्या. "उंदरालासुद्धा अजून दिलेलं नाही."

"मग उंदराच्या आधी आम्हाला द्या. तिला तोपर्यंत वेळ नाही."

नाही दिलं. तिसऱ्या वेळी जाताना त्यांनी खरबुजं फाटकाशी ठेवली आणि म्हणाले, "परदेशातल्यांसाठी राखून ठेवताय, कळतं मला." ती खरबुजं आम्ही कोणी खाल्ली नाहीत. पहारेकऱ्यानं नेली.

हे सगळं भट्टी काढायच्या आधीचं. भट्टी गेली आणि तिच्या जागी कपाटाएवढं पांढरं यंत्र आलं. त्याला दिवा होता. तो हिरवा लागला की पाणी शुद्ध. मला काही करावंच लागायचं नाही, नुसती तोटी फिरवायची. आधी भरून ठेवलेलं जुनं पाणी होतं, ते दोन-अडीच आठवडे पुरलं. मग आम्ही नव्या पाण्यावर आलो, आणि साका यायचा बंद झाला.

झिलोला त्या वेळी इनोबतखोनच्या हाताखाली प्रबंधाचं शेवटचं काम करत होती; त्यांना ती उस्तोझ, म्हणजे गुरू, म्हणायची. एकोणतीस वर्षांची मुलगी, नमंगानची. स्वतःची तीन वर्षांची लेक आईकडे ठेवून आली होती आणि दर शुक्रवारी रात्रभर प्रवास करून तिला बघायला जायची. सोमवारी यायची तेव्हा तिचे डोळे खोबणीत गेलेले असायचे. डिसेंबरात तिला प्रबंध मांडायचा होता. सगळं लिहून झालं होतं, फक्त सतरा नंबर आणखी दहा ग्रॅम करून कुद्रत अकांना द्यायचा होता.

पहिल्या दिवशी साका आला नाही तेव्हा ती म्हणाली, काहीतरी विसरले असेन. दुसऱ्या दिवशी तिनं उष्णतामापक बदलला. आठवड्यानं ती माझ्याकडे आली.

"ओपा, चंबू कशानं धुता तुम्ही?"

"तू शाळेत जायच्या आधीपासून ज्यानं धुते त्यानंच."

"रागावू नका. मी सगळ्यांनाच विचारतेय."

"सगळे म्हणजे कोण? इथं चंबू मी एकटीच धुते."

तिनं नवे चंबू काढले. इनोबतखोन स्वतः चोरसू बाजारातून लिंबं घेऊन आल्या, मग चिलान्झार भागातून दुसरी आणली. दोन्ही पुडी नव्यानं मागवल्या. ऑक्टोबर संपत आला. रोज दुपारी चंबूत तेच गढूळ पाणी आणि तळाशी जशीच्या तशी पूड. आम्ही तिघी त्या चंबूभोवती उभ्या राहायचो. मग झिलोला तो रिकामा करायची आणि मी धुवायची.

एकदा धुताना इनोबतखोन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वसंतात एस्टोनियातून एका प्रयोगशाळेचं पत्र आलं होतं. त्यांना आमची कृती जमत नव्हती."

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"तुमची पूड शुद्ध नसेल, असं लिहिलं. चार ओळींत. मला तेव्हा वेळ नव्हता." त्यांनी नळ बंद केला, मी चालू ठेवला होता तो. "फार तोऱ्यात लिहिलं होतं."

त्या आठवड्यात घरी लेक कुरकुरत होती. गल्लीत नळाचं पाणी नव्या वाहिनीतून यायला लागलं होतं, आणि चहाला पूर्वीची चव राहिली नाही म्हणे. मला वास येत नाही त्यामुळे चवही अर्धीच, मला काही फरक कळत नव्हता. मी पेला घेऊन बसले आणि मनात आलं, आम्ही लिंबाची चौकशी केली, पुडीची केली, चंबूची, माझ्या हातांची सुद्धा केली. पाण्याची कोणी केली नाही. पाणी म्हणजे काहीच नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता एक कबूल करायला हवं. जावयाच्या टॅक्सीच्या बॅटरीसाठी मी संस्थेतलं शुद्ध पाणी घरी आणायची. वर्षानुवर्षं आणलं. ओसरीत पाच लिटरची एक बाटली जुन्या भट्टीच्या पाण्यानं भरलेली पडून होती. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर घेऊन मी बसनं गेले. झिलोलाच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"जुनं पाणी. घरी होतं. आता घरी का होतं ते विचारू नकोस."

तिनं दोन चंबू शेजारी शेजारी लावले. एकात नवं पाणी, एकात माझं. बाकी सगळं एका मापाचं. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत नळ्या वाळवत बसले. दीडच्या सुमाराला तिची हाक आली. गेले तर माझ्या पाण्याच्या चंबूत दाट साका तरंगत होता आणि शेजारचा चंबू तसाच. झिलोलानं मला मिठी मारली. तिच्या खांद्याची हाडं मला टोचली, इतकी वाळली होती पोरगी. "ओपा, तुम्ही मला वाचवलंत," ती म्हणत होती, "डिसेंबर वाचवलात."

इनोबतखोन दारात उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही चंबू पाहिले आणि जवळच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आनंदानंच बसल्या. त्यांचा चेहरा पाहिला आणि तसं वाटेना.

"तुर्सुनोय ओपा," त्या म्हणाल्या, "ती भट्टी कुठं टाकली?"

मागच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली ती पडली होती. भंगारवाला अजून आला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून तिचं झाकण उचकटलं. आतून कधीकाळी कल्हई असणार. आता तिचा मागमूस नव्हता. खाली लालसर तांबं उघडं पडलं होतं आणि काठाकाठानं हिरवा थर चढला होता. इनोबतखोननी नखानं तो खरवडला आणि बोटावर घेऊन बघत राहिल्या.

"किती वर्षांपासून अशी आहे ही?"

"आतून कोण बघतंय?" मी म्हटलं. "पाणी स्वच्छ यायचं."

वर येऊन त्यांनी कपाटातून सतरा नंबरची जुनी बाटली काढली, निबंध छापला त्या वेळची. त्यातली एक ग्रॅम पूड मुशीत घालून जाळली. उरलेली राख दोन थेंब आम्लात विरघळवली आणि वरून अमोनिया सोडला. काय होणार ते त्यांना माहीत होतं, झिलोलालाही कळलं असावं, कारण ती टेबलापासून मागं सरकली. पाणी निळं झालं. फिकट, पण निळं. शाळेतल्या मुलांना दाखवतात तीच तांब्याची खूण.

"आपण धातू घातला नाही असं लिहिलं," इनोबतखोन म्हणाल्या. "घालत होतो. रोज. पाण्यातून."

"पण नकळत," झिलोला म्हणाली. "आणि इतकासा. उस्तोझ, तरी ते पाण्यातच होतंय ना? द्रावक तर नाहीच. मग तांब्याचा क्षार, मोरचूद, चिमूटभर घालू आणि तसं लिहू. 'कृतीत सुधारणा केली' म्हणू."

"तेवढंच असतं तर तसं म्हटलं असतं." त्यांनी ती निळी नळी मांडणीवर ठेवली. "पूड आपण किती पाण्यानं धुवायचो?"

मला ठाऊक होतं, कारण ते पाणी मीच भरून द्यायची. "एका चंबूला चार-पाच लिटर."

"त्या रेणूत नायट्रोजन आहेत. तांब्याला धरून ठेवतात. दर वेळी धुताना पूड पाण्यातलं तांबं ओढून घेत असणार. तांबं पेशी मारतं, झिलोला. कॅन्सरच्या मारतं, चांगल्याही मारतं."

झिलोलानं पिशवी उचलली आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.

इनोबतखोननी जुन्या पुडीचे दोन भाग केले. एकातलं तांबं धुऊन काढलं, त्याला चार दिवस लागले. दोन्ही कुद्रत अकांकडे पाठवले, बाटल्यांवर नुसती अक्षरं लिहून, कुठली कुठली ते न सांगता. बरोबर तिसरी बाटली, नुसत्या मोरचुदाच्या पाण्याची. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत झिलोला रोज आली, वेळेवर आली, आणि प्रबंधाची पानं संगणकावर वरखाली करत बसली. एकही ओळ बदलली नाही. मी चहा ठेवला की "रहमत" म्हणून आभार मानायची आणि तो निवून जायचा.

कुद्रत अका स्वतःच आले. लठ्ठ माणूस, एरवी जिना चढून आला की आधी जिन्याला शिव्या द्यायचा. त्या दिवशी जिन्याचं नावही काढलं नाही.

"तिसऱ्या बाटलीत काय होतं ते मी ओळखलं," ते म्हणाले. "तिनं सगळंच मारलं. पहिल्या दोनमध्ये जी 'ब' लिहिलेली आहे ती चांगली, नेहमीसारखी. 'अ' नऊपट कमजोर आहे. इनोबतखोन, 'अ' काय आहे?"

"'अ' आपला सतरा नंबर आहे," इनोबतखोन म्हणाल्या. "'ब'मध्ये आमची भट्टी आहे."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "नऊपट कमजोर म्हणजे शून्य नव्हे."

"हो. शून्य नव्हे."

संचालकांच्या खोलीत काय झालं ते मला इनोबतखोननी सांगितलं तेवढंच माहीत. ते म्हणाले, दोन वर्षांपूर्वीचा निबंध, कोण विचारतंय. मुलीचा प्रबंध डिसेंबरात होऊ द्या, मग हळूच दुसरा निबंध लिहा, त्यात हे घाला. संस्थेचं नाव आहे, मंत्रालयाच्या अहवालात ते लिंबू आहे. शेवटी म्हणाले, पाण्याचा हट्ट सोडा आता, पूर्वी टोल्युइनमध्ये काय वाईट चाललं होतं?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही. फार दमले होते. उठून आले."

झिलोलानं मात्र भांडण केलं. मी दारातच होते, नळ्यांचा ट्रे हातात घेऊन, आणि मागंही जाता येईना.

"एक महिना, उस्तोझ. मी फक्त एक महिना मागतेय. निबंध मागं घ्या असं तुम्हाला नियतकालिकाला पत्र लिहायचं ना, जानेवारीत लिहा. तोपर्यंत कोण मरणार आहे?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच."

"हे बोलणं सोपं आहे. तुम्ही प्राध्यापक झालात. माझी मुलगी मला 'ताश्कंदची खाला' म्हणते. मावशी. आई ती माझ्या आईला म्हणते. पाच वर्षं मी तिला सांगतेय, डिसेंबरात येते."

"ती तीन वर्षांची आहे, झिलोला."

"मग तीन वर्षं सांगतेय. लिंबाचं मी नाही शोधलं. भट्टी मी नाही टांगली. मी आले तेव्हा हे सगळं तयार होतं. तुम्ही दिलंत, मी केलं."

इनोबतखोननी मान हलवली. "खरं आहे ते. चूक माझी आहे, तुझी नाही. पत्रात तसंच लिहीन." आणि मग त्या हमदम अकांबद्दल बोलल्या, मला वाटलं नव्हतं की त्यांच्या अजून लक्षात असेल. "तो माणूस खेड्यातला, इंग्रजी येत नाही, तरी त्यानं मोबाईलवर अख्खा निबंध वाचला. पुडीचा नंबर पाठ होता त्याला. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, आणखी कोणी तरी वाचत असेल. कोणी घरात करूनही बघेल. लिंबू आणि पाणी, कोणाकडे नसतं? तांब्याच्या भांड्यात केलं तर होईलही."

झिलोलानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला म्हणाली, "ती बाटली तुम्ही आणायलाच नको होती, ओपा." आणि नमंगानला निघून गेली. डिसेंबर आला आणि गेला.

पत्र इनोबतखोननी माझ्यासमोर लिहिलं. आमच्याकडे संगणकाचं टेबल माझ्या मोरीसमोरच आहे. तीन दिवस लागले. पाठवायच्या आधी त्यांनी मला उझबेकमध्ये वाचून दाखवलं. माझं नाव त्यात होतं: चूक लक्षात आली ती प्रयोगशाळेतल्या मदतनीस तुर्सुनोय यांच्यामुळे. मी म्हटलं, काढा ते. लोक म्हणतील पाणी चोरायची.

"बॅटरीचं मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"तरी काढा. त्या पोरीनं मला जे म्हटलं ते खोटं नाही. मी बाटली आणली नसती तर तुम्ही आणखी महिनाभर लिंबं बदलली असती आणि ती डिसेंबर पार करून गेली असती."

"आणि मग?"

"मग काय ते मला माहीत नाही. पण तिच्या लेकीनं तिला आई म्हटलं असतं."

इनोबतखोन हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "नाव राहू दे," म्हणाल्या. "एकोणचाळीस वर्षांत तुमचं नाव कशावर छापलं नाही. छापलं तर ते यावर. मला वाईट वाटतं त्याचं, पण राहू दे." एस्टोनियाच्या प्रयोगशाळेलाही त्यांनी वेगळं पत्र लिहिलं. ते मात्र वाचून दाखवलं नाही.

नियतकालिकानं निबंध मागं घेतला. त्याच्या प्रत्येक पानावर आडवी लाल अक्षरं आली. इनोबतखोनना प्रमुखपदावरून काढलं. अपमान असा कोणी केला नाही. नुसतं दुसऱ्याला नेमलं आणि यांना त्याच खोलीत कोपऱ्यातलं टेबल दिलं. सूपवाल्या माणसानं जेवणघरात तोच विनोद परत केला. मी त्याच्या ताटाशेजारी माझा ओला फडका ठेवला आणि पुसत राहिले. तो उठून गेला.

फेब्रुवारीत झिलोला परत आली. सोमवारी सकाळी, बर्फाचा चिखल झालेल्या बुटांनी. लेकीला बरोबर घेऊन आली होती. चिलान्झारमध्ये एका बाईकडे खोली केली होती आणि पोरीला बालवाडीत घातलं होतं. माझ्याशी बोलली नाही. पांढरा डगला चढवला, इनोबतखोनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "मोरचूद किती घ्यायचा? मला मोजून हवा."

त्यानंतरचं वर्ष मी कसं सांगू? सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही. तेच एकतीस पदार्थ पुन्हा. नवं शुद्ध पाणी, लिंबाऐवजी त्यातल्याच व्हिटॅमिन सीची मोजता येणारी पांढरी पूड, आणि मोरचुदाचा एक कण, वजन करून. साका यायचा. मग त्यातून तांबं काढायचं. मग राख करायची, अमोनिया घालायचा आणि निळं होत नाही ना ते बघायचं. निळं झालं की परत धुवायचं. एका पदार्थाला नऊ-दहा दिवस. ज्या पाण्यात तांबं उतरलं ते मोरीत सोडायचं नाही असं इनोबतखोननी ठरवलं होतं, म्हणून ते गोळा करून त्यातलं तांबं परत काढायचं, तेही माझ्या अंगावर आलं. गुडघे दुखायचे. झिलोला संध्याकाळी पाचला पोरीला आणायला पळायची आणि पोरीला घेऊन परत यायची. पोरगी माझ्या स्टुलाखाली बसून रबरी बुचं रांगेत लावायची. तिच्यामुळेच आमचं बोलणं सुरू झालं. पोरीनं एक बूच तोंडात घातलं, मी ओरडले, झिलोला धावत आली आणि म्हणाली, "ओपा, तुमचं लक्ष होतं म्हणून." मग तिथंच उभी राहिली. "मी तुम्हाला जे बोलले ते..."

"जा, तुझा चंबू उकळतोय," मी म्हटलं.

निकाल फारसे नव्हते. एकतीसपैकी सव्वीसांनी पेशींना काही केलं नाही. तिघांनी थोडंफार केलं. सतरा नंबर आणि बावीस नंबर जरा बरे, दुकानात मिळणाऱ्या औषधाच्या मानानं दुबळे, पण चांगल्या पेशींना कमी त्रास देणारे. कुद्रत अकांनी ते तीन-तीनदा तपासलं. शेवटी म्हणाले, "ही एक फट आहे. दार नाही. पण खरी फट आहे." एस्टोनियावाल्यांनी मोरचूद घालून करून पाहिलं आणि त्यांच्याकडेही साका आला. त्यांनी चित्र पाठवलं. इनोबतखोननी ते छापून कोपऱ्यातल्या टेबलावरच्या भिंतीला लावलं.

प्रबंध पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मांडला. नाव बदललं होतं, लांबी कमी झाली होती. समितीत सात माणसं होती. मला शेवटच्या रांगेत बसायला मिळालं. एका म्हाताऱ्या परीक्षकानं चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेचा आधीचा निबंध मागं घ्यावा लागला होता, बरोबर?"

"हो," झिलोला म्हणाली. "तो चुकला होता. कसा चुकला ते दुसऱ्या प्रकरणात सगळं आहे, आकड्यांसकट."

"मग आम्ही याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

तिनं घाई केली नाही. "उस्तोझ, ठेवू नका. कृती दिलेली आहे. दोन दिवस लागतात, आणि तुमच्या नाकाला काही त्रास होणार नाही. करून बघा."

सहा मतं बाजूनं पडली, एक विरुद्ध. म्हाताऱ्याचं कुठलं ते कळलं नाही.

दुपारी झिलोलाच्या आईनं पलोव केला होता, गाजर जरा जास्त. कुद्रत अकांनी दोनदा घेतला आणि जिन्याला एकदाच शिव्या दिल्या. पोरगी आजीच्या मांडीवरून उठून झिलोलाच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिच्या ताटातलं मांस निवडून खायला लागली. झिलोलानं सगळं खाऊ दिलं, स्वतः नुसता भात खाल्ला. इनोबतखोन फार बोलल्या नाहीत. कोणीतरी त्यांच्यासाठी पेला उचलला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, "रहमत" म्हणाल्या आणि बसल्या.

परतताना जावई टॅक्सी घेऊन आला होता. आम्ही दोघी मागं बसलो. बाहेर जर्दाळूंचा मोहोर गळत आला होता. चौकात गाडी थांबली तेव्हा मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. इनोबतखोन झोपल्या होत्या. डोकं आधी काचेला टेकलं होतं, गाडी हलली तशी माझ्या खांद्यावर आलं. घोरायला लागल्या, हलकेच.

"आई, यांचं घर आलं," जावयानं आरशात बघत म्हटलं.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "सरळ चल. कालव्याच्या कडेनं एक चक्कर मार आणि मग ये. सावकाश."